दहा जणींची कुपी

एका कुपीपायी मी एका बाईला दारातून परत पाठवलं. अत्तराची नव्हे, लशीची कुपी. अंगठ्याएवढी काचेची बाटली, वर रबरी बूच, आत दहा माणसांपुरती कावीळ-बची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, लस. बाई एकटी आली होती. मी म्हणाले, "एकटीसाठी फोडत नाही. दहा जणी आण, मग बघू."

आणि चहा प्यायला गेले. चहात आलं घातलं होतं. माणूस किती निर्लज्ज असतो बघा, चहातलं आलं आठवतं आणि त्या बाईच्या साडीचा रंग आठवत नाही.

तेव्हा मी चौपन्न वर्षांची होते. मुळशी तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात सिस्टर. तीस वर्षं नोकरी झालेली, केसांना मेंदी, कमरेला लशीच्या फ्रिजची किल्ली आणि भिंतीवर चौकटीत प्रशस्तिपत्र: लशीची नासाडी शून्य. त्या शून्याचा मला काय तोरा होता! पाहुणे आले की त्यांना मुद्दाम त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसवायची. आता ते प्रशस्तिपत्र माझ्या स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याखाली आहे. फळीला डाग पडत नाहीत.

ही नासाडीची भानगड सांगायला हवी, नाहीतर माझा मूर्खपणा पुरता कळायचा नाही. गोवराची कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून आम्ही पोरं जमेपर्यंत थांबतो. कावीळ-बचं तसं नाही. उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस चालते. त्या दिवशी एक बाई, उद्या दुसरी, परवा तिसरी, काही बिघडत नाही. हे मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटले असते. पण मला ते पाठ होतं. नव्या पोरींना ट्रेनिंगमध्ये मीच ते घोकून घेतलं होतं.

मग तोंडातून ते वाक्य का आलं? अर्धी सवय. उरलेलं अर्धं असं, की ती कोण आहे हे मी ओळखलं होतं.

त्या वर्षी आमच्याकडे मोठ्या माणसांसाठी कावीळ-बची लस आली होती. ज्यांच्या कामात धोका त्यांच्यासाठी: आम्ही सिस्टर, सफाईवाले, आणि शरीर विकून पोट भरणाऱ्या बाया. हा रोग रक्तातून जातो, संबंधातून जातो, बाळंत होताना आईकडून लेकराला जातो, आणि वर्षानुवर्षं आवाज न करता लिव्हर खात बसतो. एकदा मुरला की लशीचा उपयोग नाही. आधी टोचली तर मात्र बहुतेक जण वाचतात. आम्ही आमचा पहिला डोस पहिल्याच आठवड्यात टोचून घेतला होता. तेव्हा दहा जण जमायची वाट कोणी पाहिली नव्हती. मीच माझ्या दंडात पहिली सुई मारून घेतली होती.

परत गेलेल्या बाईचं नाव मंदा. हे मला नंतर कळलं, हौसाक्काकडून.

*

पुढच्या बुधवारी, म्हणजे लसीकरणाच्या वारी, केंद्राच्या फाटकाशी कोळवणची जीप थांबली. आया लेकरं घेऊन रांगेत होत्या. जीपमधून आधी एक काळी छत्री उतरली, मग तिच्यामागून एक बुटकी, काळी, मिश्रीने दात काळे झालेली बाई. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री उघडलेली. छत्रीची एक काडी मोडलेली होती, ती ज्याच्या बाजूला जाईल तो आपोआप सरकायचा. तिच्यामागून एकेक बाई उतरली. कोणी कामाच्या साडीत, कोणी लग्नाला निघाल्यासारखी, एकीच्या तोंडाला ओढणी गुंडाळलेली.

छत्री मिटून तिने तिचं टोक माझ्या टेबलावर ठेवलं.

"शिस्टर, दहा मागितल्या व्हत्या ना तुमी? मोजून घ्या."

मी कशाबद्दल ते लगेच ओळखलं आणि न ओळखल्याचं सोंग केलं. तीस वर्षांच्या नोकरीत हे सोंग चांगलं जमतं.

"मोजा की," ती म्हणाली. "मला धरून दहा हायेत. मंदीला तुमी हाकलली, ती न्हाई आली. ती लाजली. आमी लाजून दमलोय, म्हनून आलो."

ही हौसाक्का. पौडच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहायची. दिवसा फार्महाउसवर भांडी-झाडू, हंगामात कोळवणला भाताची मजुरी, आणि बाकीचं काय ते साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. पंचक्रोशीतल्या पुरुषांना जरा जास्तच. वय झालं तशी ती स्वतः त्या धंद्यातून बाजूला झाली होती, पण त्यातल्या बाया तिला सोडत नव्हत्या. कोणाला ताप, कोणाचं पोर शाळेत घ्यायचं, कोणाला मारलंय, की हौसाक्काच्या दारात.

रांगेतल्या आयांमध्ये कुजबुज सुरू झाली. एका बड्या शेतकरी घरची सून होती, दोन फार्महाउस भाड्याने देणारी. ती मोठ्याने म्हणाली, "सिस्टर, आमच्या लेकराला टोचायच्या सुईनं यांना टोचणार का?"

मी सांगायला हवं होतं की सुई प्रत्येकाला नवी असते. सांगितलं नाही. उलट हौसाक्काला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर लिंबाखाली बसा. यांचं आटपलं की बोलावते."

माझी आई याच तालुक्यात लोकांच्या बांधावर मजुरीला जायची. आमच्या वस्तीतल्या बायांसाठी शेतमालकांच्या घरी गोठ्याच्या वळचणीला कान तुटलेले कप असायचे. चहा वरून ओतायचे, आणि पिऊन झाला की धुऊन तिथेच पालथा घालायचा. ते सांगताना आईचा आवाज कसा व्हायचा हे मी लहानपणापासून ऐकलेलं. त्या बाईची शिकलेली, सरकारी नोकरीची लेक मी, आणि मी दहा जणींना लिंबाखाली बसवलं. आजही आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते. चौपन्नाव्या वर्षी अक्कल येते म्हणणारे खोटं बोलतात.

हौसाक्का बाहेर गेली नाही. त्या सुनेजवळ गेली, तिच्या मांडीवरच्या बाळाच्या पायाला हात लावला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या फारमहाउसच्या शनवारच्या किल्ल्या कुनापाशी असत्यात, ते मी हितं सांगू का घरी जाऊन इचारता?"

सून बाळाचं टोपडं सारखं करू लागली. हौसाक्का रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, तिच्यामागे नऊ जणी. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या केंद्रात बाया एका रांगेत उभ्या राहिल्या. त्यात माझा वाटा शून्य. या शून्याचं प्रशस्तिपत्र कोणी दिलं नाही.

*

टोचण्याआधी रक्त तपासायचं होतं आणि कागद भरायचा होता. कागदावर एक रकाना: व्यवसाय. माझं पेन थांबलं.

"काय ल्हितीस?" तिने विचारलं. तोवर ती अगं-तुगंवर आली होती.

"धोक्याचा गट लिहावा लागतो."

"मजुरी ल्ही. अंग मोडतं ती मजुरीच." मग जरा थांबून, "आन् गिऱ्हाइकाचा कागुद कुटं हाय?"

"कोणाचा?"

"गिऱ्हाइकाचा गं. रोग आमी काय वाफ्यात पेरतो व्हय? कुनीतरी आनून दिल्याबिगार येतो का? बाईचं नाव, बाईचं गाव, बाईचा धंदा, समदं ल्हिलंस. तो शनवारी गाडीतनं येतो त्याचा रकाना दाव मला."

मी आमच्या तरुण डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. असा रकाना नव्हता. अजूनही नाही. इतकी वर्षं झाली, मी रिटायर झाले, नात बारा वर्षांची झाली, तरी मला त्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. राग मात्र आहे तसा आहे, फ्रिजमध्ये ठेवल्यासारखा.

नऊ जणींचं रक्त चांगलं निघालं. दहावीचं नाही.

हे तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आक्का, तुझ्या अंगात ही कावीळ आधीपासून आहे. तुला लशीचा उपयोग नाही. पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल, गोळ्या असतात."

तिने मिश्रीची डबी काढली, उघडली, परत बंद केली.

"कदीपासनं?"

"सांगता येत नाही. वीस वर्षं असेल, जास्तही असेल."

"वीस वरसं." तिने छत्रीचं टोक जमिनीत रुतवलं. "तवा ही सुई व्हती का गं?"

होती. मी मान हलवली.

तिने छत्रीचं टोक उपसून काढलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माज्या वाटची कुपीत ऱ्हाऊ दे. मंदीला हुईल." आणि उरलेल्या बायांवर खेकसायला निघून गेली. एक पोरगी सुई बघून रडत होती, तिला म्हणाली, "नको नको ती मानसं सोसतीस आन् सुईला भितीस व्हय गं? कर वर बाही!"

*

लशीचे डोस तीन. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. आम्ही कार्डावर तारखा लिहून दिल्या. हौसाक्काला वाचता येत नव्हतं आणि बायांपैकी निम्म्या कार्ड जवळ ठेवत नव्हत्या. खोलीमालकाच्या हाती लागलं तर खोली जाते. तिने तारखांचं आपलं गणित केलं. पहिला डोस जूनमध्ये झाला होता, कोळवणला भाताची रोपं टाकत होते तेव्हा. म्हणून ती म्हणायची, "रोपाला पयला, लावनीला दुसरा, झोडनीला तिसरा." एकही तारीख चुकली नाही. आमचं कॉम्प्युटरचं रजिस्टर त्या वर्षी दोनदा बंद पडलं, हौसाक्का बंद पडली नाही.

भात झोडणी आली. आठ जणी आल्या, एक आली नाही. कासार आंबोलीच्या बाजूला एका फार्महाउसवर स्वयंपाकाला ठेवलेली, मालक सोडत नव्हता. मी म्हणाले, राहू दे, नंतर घेईल, राहिलेला डोस जिथे राहिला तिथून पुढे घेता येतो, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

"नंतर म्हंजी कदी? तुज्या दहा जनी जमल्यावं?"

हे वाक्य ती मला वर्षातून तीन-चारदा ऐकवायची. बरोबर जागा बघून.

निळा लशीचा डबा मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसले. ती मागे बसली. पुढच्या सीटवर कधी बसायची नाही. म्हणायची, "पुडं बसवून लई हिंडवली लोकांनी." फार्महाउसच्या फाटकावर वॉचमन हिंदीत नाही म्हणाला. हौसाक्का त्याला म्हणाली, "डेंगूवाली म्याडम हाय, दंड लावती." फाटक उघडलं.

आत हिरवळीवर अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ कोंबडी भाजत होता. पन्नाशीचा, चांगल्या घरचा, हातात चिमटा. "कसली लस? आमच्याकडे सगळ्यांच्या सगळ्या लशी झाल्यात," तो म्हणाला.

"ही न्हाई झाली," हौसाक्का म्हणाली. "ही तुमी जिच्याकडं जाता तिची हाय. तिची आज पुरी हुती. तुमची बाकी हाय, सायेब. कवा घेताय? शिस्टर हितंच हाय. बाही न्हायीच तुमाला, वर करायचा तरास वाचला."

तो बनियनवर होता हे तिच्या बोलण्यानंतर माझ्या लक्षात आलं. कोंबडी करपली. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर मी त्या बाईला तिसरा डोस टोचला आणि ती तोंडात पदर कोंबून इतकी हसली की सुई धरायची मला चोरी झाली. परतीच्या वाटेवर हौसाक्का हसली नाही. वळणावर मागून म्हणाली, "त्याची बायको येती दिवाळीला. चांगली हाय बिचारी. तिला कोन सांगनार, गं?"

*

मंदाला तिने सोडलं नव्हतं. कुठे लोणावळ्याकडे गेलीय, कुठे परत आलीय, बातमी काढत राहायची. दर थोड्या दिवसांनी केंद्रावर येऊन विचारायची, "कुपी हाय ना उगडी?" मी म्हणायचे, "उघडी नसली तर फोडेन, आक्का." ती म्हणायची, "आता फोडशील गं." त्या 'आता'वर ती असा जोर द्यायची की दुपारचं जेवण गोड लागायचं नाही.

मंदा सापडली सव्वा वर्षाने. पोटुशी. तपासलं तर रक्तात कावीळ-ब.

ती एकटी आली त्या दिवशी मी कुपी फोडली असती तर? डॉक्टरसाहेब मला समजवायला लागले: सिस्टर, कदाचित तिला आधीपासूनच असेल, एका डोसने काही पूर्ण संरक्षण मिळत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सगळं खरं. पण त्या दिवशी तिचं रक्त तपासलं असतं तर आधीपासून होतं की नाही, एवढं तरी कळलं असतं. ते मी कळू दिलं नाही. मनाला लावून घेऊ नका म्हणणारी माणसं दयाळू असतात, पण ती दया मला नको होती. मला कोणीतरी ओरडायला हवं होतं. हौसाक्कासुद्धा ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "लेकराचं काय?"

मी सांगितलं: बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत त्याला या लशीचा पहिला डोस, जितका लवकर तितका बरा. आणि पुण्याच्या दवाखान्यातलं दुसरं एक इंजेक्शन. दोन्ही वेळेत झाली तर बहुधा वाचतं.

"चोवीस तास," ती म्हणाली. "म्हंजी आज ही येळ ते उद्या ही येळ."

"हो."

तिने ते रोप-लावणी-झोडणीच्या शेजारी कुठेतरी ठेवून दिलं.

*

हौसाक्का आता नाही. पोटात पाणी झालं, लिव्हर गेलं. पुण्याच्या गोळ्या तिने घेतल्या, पण उशीर फार झाला होता. मला जीपवाल्याकडून कळलं, तेही आठवड्याने.

शेवटची दिसली ती पौडच्या एसटी स्टँडवर. वाळलेली, डोळे हळदीसारखे, छत्री मात्र तीच. आधाराला टेकून उभी होती. दुसऱ्या हातात एका तीनेक वर्षांच्या मुलीचं बोट. मुलगी छत्रीच्या मोडक्या काडीशी खेळत होती. माझ्यासोबत माझी नात होती, तिला खाऊ घ्यायला थांबलो होतो. हौसाक्काने तिच्याकडे बघून पहिला प्रश्न काय विचारला असेल? "हिची झाली का ती पोरींची सुई? ती कॅन्सरची?" मी म्हणाले, अजून लहान आहे, नऊ वर्षांची झाली की घ्यायची. "आमच्या पोरींना बी देत्यात ना ती? का तितं बी दहा आनायच्या?" मी म्हणाले, देतात, मी बघते. बघितलंही. आज ना उद्या माझी पापं फिटतील या आशेने नव्हे; हौसाक्का वरून छत्रीचं टोक रोखून बसली असेल, म्हणून. परवा माझ्या नातीने ती लस घेतली तेव्हा त्याच रांगेत हौसाक्काच्या बायांच्या दोन पोरी होत्या. कोणी कोणाला लिंबाखाली बसवलं नाही.

एसटी आली. हौसाक्काने मुलीला आधी चढवलं, मग छत्री, मग स्वतः. खिडकीतून मुलीचा हात धरून माझ्या दिशेने हलवला.

ती मुलगी मंदाची. वर्षाची झाली तेव्हा तिचं रक्त तपासलं, स्वच्छ निघालं. ती कशी वाचली तेवढं सांगते.

दिवाळीतला पाडवा होता. केंद्राला सुट्टी, सुट्टीची ड्युटी माझी. केंद्रामागच्या क्वार्टरमध्ये मी चकल्या तळत होते. दुपारची वेळ. फाटकात जीप वाजली. मंदाला दवाखान्यात न्यायला निघाले होते, पण निघता निघताच, खोलीच्या दारात, सकाळी ती मोकळी झाली होती. आता ती जीपमध्ये मागच्या सीटवर आडवी होती, आणि हौसाक्का माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी. आत ये म्हटलं तरी आली नाही. काखेत मिटलेली छत्री. छातीशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं मुठीएवढं लाल तोंड.

मी चकल्या तशाच टाकल्या. नवीन कुपी फोडली, टोचलं, आणि मायलेकींना त्याच जीपने पुण्याला धाडलं दुसऱ्या इंजेक्शनसाठी. हे सगळं दहा मिनिटांत झालं. पण त्याच्या आधी, मी हात पुसत उठत असताना, कढईतलं तेल तडतडत असताना, हौसाक्का दारातून जे बोलली ते माझ्या कानात आहे. आवाज चढवला नव्हता. थट्टाही नव्हती. खरंच विचारत होती.

"शिस्टर, येकच हाय. दहा न्हाईत. फोडतीस का?"